भाकीत खेपेचं करा, ड्रायव्हरचं नको

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. चिपळूणला तुमच्या २२ गाड्या आहेत. काही टँकर लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतून माल उचलतात, काही ट्रक कुंभार्ली घाटाने वर कराडकडे आणि महामार्गाने मुंबईकडे जातात, आंब्याच्या दिवसांत चार पिकअप वाशीला पेट्या पोचवतात. गेल्या वर्षी तीन अपघात झाले. जीपीएस सगळ्या गाड्यांवर आहेच. आता एक विक्रेता म्हणतोय की कुठला ड्रायव्हर अपघात करणार हे त्याची यंत्रणा आधीच सांगेल, प्रत्येकाला शंभरपैकी गुण देईल. घ्यावी का?

घ्या. पण ड्रायव्हरला गुण देण्यासाठी घेऊ नका. ही खेप आत्ता, या माणसाबरोबर, या गाडीतून सोडावी का, एवढंच तिला विचारा.

असं का, ते हिशेबाने सांगतो. गाडीमागे महिन्याला २५ खेपा धरल्या तर तुमच्या वर्षाला ६,६०० खेपा होतात. त्यात अपघात तीन. आता विक्रेत्याची यंत्रणा फार हुशार आहे असं धरू. अपघाताकडे निघालेल्या दहा खेपांपैकी नऊ ती ओळखते आणि सुखरूप जाणाऱ्या दहांपैकी एकीवरच चुकून बोट ठेवते. ऐकायला झकास. पण सुखरूप खेपांचा दहावा हिस्सा म्हणजे जवळजवळ ६६०. वर्षात तेवढ्या वेळा लाल दिवा लागणार आणि त्यातल्या फार तर तीन खेपांमध्ये खरंच काही घडणार होतं. बाकीच्या वेळी तुम्ही ज्याला ऑफिसात बोलावून झापाल त्याने काहीच केलेलं नसेल. दोन महिन्यांत ड्रायव्हर त्या दिव्याला हसायला लागतील, सहा महिन्यांत तुम्हीही.

म्हणून दिवा लागल्यावर करायची गोष्ट स्वस्त असावी लागते. गाडी तासभर उशिरा सोडणं, रात्री दहाऐवजी पहाटे पाचला सोडणं, दुसरा ड्रायव्हर देणं, टायर बघून घेणं. वर्षात सहाशे वेळा गाडी तासभर उशिरा निघाली तर धंदा बुडत नाही. सहाशे वेळा कुणाचा भत्ता कापलात तर गाडीवर बसायला माणूस मिळणार नाही, आणि कोकणात तो तसाही मिळत नाही.

दुसरा हिशेब विक्रेत्याच्या जाहिरातीचा. ‘आमच्या एका ग्राहकाचे अपघात तीनवरून एकावर आले’ असं तो सांगेल. वर्षाला सरासरी तीन अपघात होणाऱ्या मालकाकडे, काहीही न बदलता, नुसत्या योगायोगाने एखाद्या वर्षी एक किंवा शून्य अपघात होण्याची शक्यता पाचात एक असते. तुमच्याएवढ्या पसाऱ्यात अपघात मोजून काही सिद्ध होत नाही, ना त्याच्या बाजूने, ना विरुद्ध. अपघाताच्या अलीकडे जे घडतं ते मोजावं लागतं.

ही पद्धत आपल्या डोळ्यांसमोर रोज चालू आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर कोकण रेल्वेची गाडी आदळली, पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसची तीच गत झाली. आज कोकण रेल्वे पावसाळ्यापुरतं वेगळं वेळापत्रक चालवते. गाड्यांचा वेग आधीच कमी केलेला असतो, ठरावीक स्थानकांवर पाऊस मोजणारी यंत्रं असतात, रत्नागिरीजवळच्या पानवलच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजतात, आणि पावसाने समोरचं दिसेनासं झालं तर ताशी ४० च्या वर जायचं नाही असा हुकूम आहे. यात कुठला लोको पायलट बेफिकीर आहे याचा शोध कुठेच नाही. कोणत्या दिवशी, कुठल्या पट्ट्यात गाडी हळू हवी एवढंच आधी ठरवलेलं आहे. (गोव्याकडचा माल असेल तर कोलाड ते वेर्णा ट्रक रेल्वेवर चढवून नेण्याची सोय १९९९ पासून आहे. जो ट्रक रस्त्यावर नाही त्याचं भाकीत कशाला करायचं!)

मी हे सगळं शहाणपण पुस्तकातून शिकलो नाही. दहाएक वर्षांपूर्वी एका वाहतूकदाराकडे गाड्यांच्या सुरक्षेचं काम माझ्याकडे होतं आणि मीच हौसेने ऑफिसच्या भिंतीवर ड्रायव्हरांच्या गुणांची यादी लावली होती. जोरात ब्रेक मारला की गुण कमी, एकदम वेग घेतला की कमी, वळणावर गाडी कलली की कमी. पहिला नंबर कायम एकाच माणसाचा. पन्नाशीचा, शांत, ब्रेकवर पाय अगदी अलगद. नोव्हेंबरातल्या एका पहाटे संगमेश्वरच्या अलीकडे त्याचा ट्रक सरळ रस्ता सोडून कापणी झालेल्या भाताच्या खाचरात उतरला. खाचर मऊ होतं म्हणून गळ्याच्या हाडावर निभावलं. डांबरावर ब्रेकची खूण नव्हती. लागलेल्या डुलकीत ब्रेक मारणार कोण? त्या दिवशीही भिंतीवर त्याचे गुण ९४ होते.

मग मी त्याच्या गाडीची आदल्या दिवसाची नोंद ओळ न ओळ वाचली. सकाळी दहाला तो एका कारखान्याच्या गेटवर पोचला होता. रात्री नऊ चाळीसला रिकामा होऊन निघाला. मधले साडेअकरा तास आमच्या अहवालात ‘विश्रांती’ या रकान्यात पडले होते, कारण गाडी जागेवर होती. पण नोंद काय सांगत होती? इंजिन चालू, चार मिनिटं, बंद. पंचवीस मिनिटांनी पुन्हा चालू, तीन मिनिटं, बंद. पुन्हा अर्ध्या तासाने. दिवसभर हेच. रांग सरकत होती आणि तो तिच्याबरोबर गाडी सरकवत होता. नोव्हेंबरच्या उन्हात, केबिनमध्ये, मागचा हॉर्न वाजवेल या धास्तीने बसलेला माणूस झोपतो कुठला? त्यानंतर रात्रभर गाडी चालवायला आम्हीच त्याला सांगितलं होतं. भिंतीवरची यादी मी त्याच आठवड्यात उतरवली.

तेव्हापासून मी सगळ्यात आधी एक आकडा काढायला सांगतो: ड्रायव्हर किती तास जागा आहे. तुमच्या आत्ताच्या जीपीएसवरच तो निघतो, नवीन काही घ्यावं लागत नाही. इंजिन सलग सहा तास बंद आणि गाडी घरी, डेपोत किंवा झोपण्याच्या ठरलेल्या जागी उभी, एवढं जमलं तरच ती झोप धरायची. गेटवरचा, फेरीतला, ढाब्यावरचा थांबा झोपेत मोजायचा नाही. शेवटची झोप संपल्यापासून खेप संपेपर्यंतचे तास मोजा. ऑस्ट्रेलियात १९९७ साली झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलं की सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाएवढेच मंदावतात. आपल्याकडची कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे सकाळी सहाला उठलेला, थेंबही न प्यालेला तुमचा ड्रायव्हर रात्री अकराला कशेडी चढत असेल तर तो दारूड्याच्या हिशेबात आलेला असतो, फक्त पोलिसांच्या नळीत सापडत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. ती कागदावर पाळल्याचं सगळेच दाखवतात. जागेपणाचे तास मात्र कुणीच लिहीत नाही.

या आकड्यावर घड्याळ बसवा. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळा झोपेच्या. तुमच्या आंब्याच्या पिकअपचं बघा. पोरगा दुपारभर बागेत पेट्या भरायला हातभार लावतो, संध्याकाळी सातला निघतो, वाशीचा सकाळचा बाजार गाठायचा म्हणून थांबत नाही, आणि माणगाव-कोलाडच्या पट्ट्यात नेमका दीड-दोनला असतो. याचं भाकीत करायला यंत्रणा कशाला लागते? पेट्या भरायला वेगळी माणसं लावा आणि ड्रायव्हरला दुपारी झोपू द्या. एप्रिल-मेमध्ये मी मालकांना एवढंच सांगतो आणि तेवढ्यावरच सगळ्यात जास्त वाद होतो.

आता घाट. विक्रेता ‘ओव्हरस्पीड अलर्ट’ दाखवेल, तो साधारण ६० वर लावलेला असेल. टँकरला ६० चा स्पीड गव्हर्नर (वेग रोखणारं यंत्र) नियमानेच असतो, त्यामुळे तो अलर्ट वाजणारच नाही. कुंभार्लीत किंवा आंबा घाटात साठने मरत नाही कुणी, चाळिसाने मरतात. तीस मीटर त्रिज्येच्या आवळ वळणावर ताशी ३० ने गेलात तर गाडीवर आडवा जोर तिच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा येतो. तेच वळण ४० ने घेतलंत तर तो ०.४ च्या वर जातो. वेग दहाने वाढला, जोर पावणेदोनपट झाला, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. भरलेला टँकर ०.३ ते ०.४ च्या दरम्यानच उलटायला टेकतो, आणि अर्धवट भरलेला त्याहीआधी, कारण आतलं द्रव वळणावर एका अंगाला धावतं. म्हणून वेगमर्यादा वळणागणिक लावून द्यायला सांगा. तुमचे घाट चार-पाच आहेत, महत्त्वाची वळणं तीस-चाळीस. जुना ड्रायव्हर शेजारी बसवून एका दिवसात ही यादी होते. ही यादी आणि ‘टँकर आज किती भरलाय’ हा आकडा, या दोन गोष्टी विकत मिळत नाहीत.

इथे यंत्राची एक खोड ध्यानात ठेवा. बरीच जीपीएस यंत्रं तीस सेकंदांनी एकदा जागा नोंदवतात. ताशी ३० ने तीस सेकंदांत गाडी २५० मीटर जाते. वळण आलं आणि गेलं, नोंदीत ते नाहीच. घाटात दर सेकंदाची नोंद हवी किंवा यंत्रातच धक्का आणि कल मोजणारा सेन्सर हवा. मोबाइलची रेंज घाटात नसतेच, त्यामुळे ऑफिसातल्या पडद्यावर ‘लाइव्ह’ बघून कुणी गाडी वाचवेल ही आशा सोडा. इशारा द्यायचा तर केबिनमध्येच वाजला पाहिजे, नाहीतर गाडी सुटायच्या आधी दिलेला पाहिजे.

उताराचं दुखणं वेगळं आहे. पंचवीस टनांचा ट्रक पाचशे मीटर उंचीवरून खाली आणायचा म्हणजे साधारण ३४ युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवायची. साध्या घराला आठवडाभर पुरेल एवढी. ती इंजिनात जिरली तर ठीक. ब्रेकच्या लायनरमध्ये जिरली तर ते तापतात, आणि शेवटच्या वळणावर पेडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. इंजिनाच्या फेऱ्यांची नोंद मिळत असेल तर एक साधी खूण शोधा: गाडी ४० ने धावतेय आणि इंजिन मात्र सहा-सातशे फेऱ्यांवर संथ फिरतंय. म्हणजे न्यूट्रल मारलेलं आहे. माझ्या मते, हाताशी असलेल्या सगळ्या डेटात घाटातल्या अपघाताची याहून आधी मिळणारी दुसरी खबर नाही.

कणकवलीकडच्या एका ड्रायव्हरला मी हे दाखवलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “साहेबांनू, डिझेल वाचवलंय तर शेठ बक्षीस देता. मगे न्यूट्रल मारू नको तर काय करू?” त्याचं बरोबर होतं. एका हाताने आम्ही ॲव्हरेजचं बक्षीस देत होतो, दुसऱ्या हाताने घाट सांभाळून उतर म्हणत होतो. गंमत म्हणजे बीएस-६ च्या गाडीत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला डिझेल जातच नाही. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं जळत राहतं. जी बचत तो जिवावर उदार होऊन करत होता ती होतच नव्हती. तुमच्याकडे ॲव्हरेजचं बक्षीस असेल तर घाटाचे किलोमीटर त्यातून वगळा, यंत्रणा येण्याआधी.

पावसाचं मात्र बाहेरून आणलेल्या यंत्रणेला शिकवावं लागतं. द्रुतगती मार्गांवर शिकलेलं सॉफ्टवेअर मिरगाचा पहिला पाऊस ओळखत नाही. आठ महिन्यांचं सांडलेलं ऑईल आणि धूळ त्या पहिल्या सरीत वर येते आणि डांबर साबणासारखं होतं, पाऊस मोजायला गेलात तर जेमतेम दहा मिलिमीटर. हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’ आणि ११५.६ पासून ‘अति जोरदार’ पाऊस सुरू होतो. घाटात दरड कोसळण्याच्या धोक्यासाठी हे इशारे वापराच, पण घसरण्याचा धोका त्यावर ठरवू नका. जूनचे पहिले पंधरा दिवस कोरड्या हवामानाचा अंदाज असला तरी पाऊस धरूनच वेळापत्रक लावा.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट डेटाने मला शिकवली. जोरात ब्रेक मारल्याच्या नोंदी ड्रायव्हरच्या नावावर न टाकता नकाशावर टाकल्या तर सावर्डे आणि आरवलीच्या दरम्यान एका जागी ठिपक्यांची गर्दी दिसली. सगळ्या रात्री आठ ते बाराच्या, सगळ्या जुलै-ऑगस्टच्या, आणि वेगवेगळ्या आठ-नऊ ड्रायव्हरांच्या. जाऊन बघितलं तर गुरं. रान ओलंचिंब, डांबर त्यातल्या त्यात कोरडं आणि उबदार, म्हणून गावची गुरं रात्री रस्त्यावर येऊन बसत होती. जुन्या पद्धतीत त्या आठ-नऊ जणांचे गुण कापले गेले असते. सरकारी व्याख्येत पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाल्यावर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. नागपुरात २०२१ साली सुरू झालेल्या आयरास्ते प्रकल्पात शहर बसवरच्या कॅमेऱ्यांमधून अशाच जागा त्याच्या आधी, ‘ग्रे स्पॉट’ असताना, शोधायला सुरुवात झाली. तुमच्या २२ गाड्यांनीही असे ठिपके जमतात. महिन्यातून एकदा नकाशा छापा आणि ड्रायव्हरांसमोर ठेवा. प्रत्येक ठिपक्याची गोष्ट त्यांना माहीत असते.

कॅमेऱ्याबद्दल दोन शब्द. ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघणारा कॅमेरा पापण्या किती वेळ मिटलेल्या राहतात ते मोजतो, आणि ते माप चांगलं आहे. पण तो वाजतो तेव्हा उशीर झालेला असतो. जागेपणाच्या तासांनी ती खेप आधीच अडवायला हवी होती. टँकरसाठी घ्या, बाकीच्यांसाठी घाई नको. घेतलात तर ड्रायव्हरला त्याच्या भाषेत लिहून द्या की काय साठवलं जातं, किती दिवस, कोण बघतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याच्याही आधी साधी माणुसकी आहे. कुणाचीही चित्रफीत मालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. एकदा टाकलीत की दुसऱ्या दिवसापासून कॅमेऱ्यावर फडकं.

आणि कॅमेरा बसवण्याआधी ऑफिसच्या फोनची यादी गाड्यांच्या जीपीएसशी ताडून बघा. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकच्या २००९ च्या अभ्यासात, ट्रक चालवताना फोनवर मजकूर टाइप करणाऱ्याचा धोका २३ पट निघाला होता. मी एका ठिकाणी ताडून बघितलं तर गाडी चालू असताना सगळ्यात जास्त फोन ड्रायव्हरच्या घरून येत नव्हते, डिस्पॅचच्या टेबलावरून जात होते. “कुठे पोचलास?” समोर पडद्यावर गाडी हलताना दिसत असूनही!

तर करार करण्याआधी विक्रेत्याकडून एवढं लिहून घ्या. दर सेकंदाची कच्ची नोंद तुम्हाला रोज मिळेल आणि करार संपल्यावरही ती तुमचीच राहील. वळणागणिक वेगमर्यादा तुम्ही स्वतः घालू शकाल. इंजिनाच्या फेऱ्या नोंदवल्या जातील. आणि वेळ भारतीय असेल. याला हसू नका. एका अहवालात आमच्या गाड्यांचे सगळे जोरदार ब्रेक रात्री साडेनऊच्या सुमाराला दिसत होते आणि आम्ही महिनाभर जेवणानंतरच्या सुस्तीवर भाषणं देत होतो. घड्याळ ग्रीनिचचं होतं. साडेपाच तास मिळवल्यावर ते सगळे पहाटे तीनचे निघाले.

दरपत्रकातली ‘ड्रायव्हर रँकिंग’ची ओळ खोडून घ्या, किंमत थोडी उतरेल. ती उतरली नाही तरी चालेल, पण खोडूनच घ्या. पहिले तीन महिने फक्त लोट्याच्या टँकरवर चालवा, शक्यतो मार्चला सुरू करा म्हणजे पावसाच्या आधी घाटांची यादी तपासून होईल. आणि त्या तीन महिन्यांत कारखान्यांच्या गेटवर गाड्या किती तास अडकल्या याचा एक कागद करून कारखान्यांच्या डिस्पॅचवाल्यांसमोर ठेवा. माझ्या बाबतीत त्या कागदावर दोन ठिकाणी रांगेऐवजी वेळ ठरवून बोलवायला लागले, तिसऱ्याने चहाही विचारला नाही.